तळघरातली हवा

११ जानेवारी

बारक्या,

पाकीट फोडलं आहेस, तर आता शेवटपर्यंत वाच. फोनवर मी "बाबा" म्हटलं की नेमकी तुझ्याकडची रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही, म्हणून कागद घेतला.

हे पत्र भांडण मिटवायला नाही. तुम्हा बाप-लेकांमध्ये मध्यस्थी करून माझी जीभ झिजली, तेव्हाच मी त्या कामाचा राजीनामा दिला. हे पत्र एका डब्याबद्दल आहे.

हिवाळा सुरू झाला तेव्हा आरोग्य खात्याच्या एक बाई आपल्या गल्लीत घरोघरी डबे वाटून गेल्या. बूट-पॉलिशच्या डबीपेक्षा थोडा मोठा पत्र्याचा डबा, आत कोळशाची भुकटी. आपल्या टेकडीच्या दगडातून रेडॉन नावाचा वायू निघतो म्हणे. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर निघाला तर उडून जातो. घराच्या खाली निघाला तर जमिनीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने आत शिरतो आणि बंद खोलीत साठून राहतो, तळघरात सगळ्यात जास्त. वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुफ्फुसांचा कॅन्सर होऊ शकतो. हे वाक्य मी पत्रकात वाचलं तेव्हा दारात उभी होते. बाई पुढच्या घरी गेल्या तरी मी तिथेच उभी होते.

आई याच कॅन्सरने गेली, आणि तिने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही. तिचं सगळं शिवणकाम, शाळेचे गणवेश, हॉटेलांचे पडदे, तळघरात व्हायचं. बाबा कामावरून आले की तिच्या मशीनपाशी बसून सिगारेट ओढायचे. "तुमच्या धुराने आई गेली" असं तू दवाखान्यात सगळ्यांसमोर त्यांना बोललास ते याच भरवशावर. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं. आता मला नीट माहीत करून घ्यायचं आहे.

डबा लावायची पद्धत सोपी आहे. घरातल्या सगळ्यात खालच्या राहत्या खोलीत झाकण काढून ठेवायचा. दारं-खिडक्या बंद. सांगतील तितके दिवस हात लावायचा नाही, मग झाकण लावून परत द्यायचा. पण गल्ली आपली. खात्याकडून तपासणी आहे म्हटल्यावर सगळ्यांना ती घराची परीक्षाच वाटली. चष्मेवाल्या काकांनी हॉलला रंग काढला, डबा वरच्या मजल्यावरच्या शोकेसमध्ये ठेवला आणि प्रसन्न वाटावं म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडं टाकलं. पार्लरवालीने डब्याशेजारी फुलदाणी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ सुगंधी फवारा मारला. निकाल आले आणि अख्खी गल्ली पास. लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. काकांनी तर निकालाचा कागद दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली लावलाय.

आपलाही आकडा आला, बावीस. शंभराच्या आत असला की चिंता नाही, आणि आपला तळघराचा बावीस. माझ्या मनात पाल चुकचुकली. डबा मी स्वतः आईच्या मशीनवर ठेवला होता. परत देताना त्याच्या बुडाला कबुतराचं पीस चिकटलेलं होतं. आपल्याकडे कबुतरं गच्चीवर असतात, तळघरात नाहीत.

मी दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसते. आरशात न बघता "बघितलं" म्हणणारा माणूस मला त्याच्या मानेवरून कळतो. बाबांना विचारलं तेव्हा त्यांची मान तशीच झाली.

"बाबा, डबा गच्चीवर कोणी नेला?"

"तपासणी होती ना घराची?"

"हवेची होती. तळघरातल्या हवेची."

"साहेब बांधकाम बघायला आला की त्याला चांगला कोपरा दाखवायचा असतो," ते म्हणाले. "आयुष्यभर गवंडीकाम केलं, मला शिकवू नकोस."

मी हसले. खरंच हसले. मग हसू गेलं. तू कधी विचारत नाहीस म्हणून तुला माहीत नाही, पण आई गेल्यापासून बाबा तळघरातच झोपतात. तिच्या मशीनशेजारी खाट टाकली आहे. जेवायला तेवढे वर येतात. सिगारेट त्यांनी दवाखान्यातल्या त्या दिवशीच सोडली, एका शब्दानेही न सांगता. पण त्या खोलीत हवा कसली आहे हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

मी दुसरा डबा मागवला आहे. या वेळी तो ठेवीन तिथेच राहील.

ताई

२ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती, तेव्हा रागावलेली नाही. थोडी रागावले आहे.

सातशे ऐंशी.

हा आपल्या तळघराचा खरा आकडा. शंभराच्या वर गेला तर उपाय करा आणि तीनशेच्या वर गेला तर वाट बघत बसू नका, असं पत्रकात लिहिलंय. मी बाईंना फोन करून दोनदा खात्री करून घेतली. त्या म्हणाल्या, चूक नाही, तुमच्या टेकडीच्या बाजूची तळघरं अशीच निघतील. मग मी त्यांना आमच्या गल्लीची परीक्षा आणि सुगंधी फवारा सांगितला. त्या आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, म्हणजे सगळी गल्ली परत तपासावी लागणार. ते काम मी अंगावर घेतलं आहे.

या वेळी मी काय केलं ते ऐक. डबा मशीनवर ठेवला, तळघराच्या खिडकीला कडी घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवली. बाबांची खाट वर हॉलमध्ये आणली. ते चार दिवस त्यांनी जे तोंड फुगवलं ते बघायला तू हवा होतास. चहा दिला तर "नको", विचारलं का, तर "काही नाही". तुझाही हा गुण कुठून आलाय ते मला माहीत आहे.

आता तुला आवडणार नाही ते. मी आईच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आकडा दाखवला आणि सरळ विचारलं, की आईला जे झालं ते धुराने की या वायूने. ते म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत हे कोणालाच सांगता येत नाही. दोन्हींनी होतं. दोन्ही एकत्र आले तर धोका कितीतरी वाढतो. यापलीकडे जो काही सांगेल तो अंदाज करतोय. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. म्हणजे बाबा यातून सुटत नाहीत. आणि तू जे छातीठोकपणे बोललास, तितकं छातीठोकपणे आता तुलाही बोलता येणार नाही.

उपाय आहे. तळघराच्या जमिनीला एक भोक पाडायचं, खाली थोडी माती काढून खड्डा करायचा, त्यात पाइप बसवून तो सरळ गच्चीच्या वर न्यायचा आणि त्याला पंखा लावायचा. पंखा अखंड चालतो आणि वायू घरात शिरायच्या आधी खालूनच ओढून आकाशात सोडतो. भेगा आणि सांधे बुजवायचे. तेवढंच. फिटर एका आठवड्यात करून देतो म्हणाला.

बाबा म्हणाले, "जमिनीला हात लावायचा नाही." का, तर ताकास तूर लागू देत नाहीत. फिटर दारातून परत गेला. ते खाट घेऊन पुन्हा खाली गेले.

त्यांची तब्येत चांगली आहे. खोकला आहे, पण थंडीत सगळ्यांनाच असतो. बरं, सगळ्यांना इतका नसतो. पुढच्या आठवड्यात छातीची तपासणी करायला नेते आहे.

ताई

२० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी. "ताई, तू त्यांना निर्दोष ठरवायला निघाली आहेस. मला यात ओढू नकोस."

मी वकील नाही. निर्दोष कोण आणि दोषी कोण हे ठरवायला माझ्याकडे वेळही नाही. माझा बाप सातशे ऐंशीच्या हवेत झोपतो आणि मला त्याला तिथून बाहेर काढायचं आहे. आई गेली, ती आता कुठल्याही आकड्याने परत येणार नाही. बाबा आहेत. तुला त्यांच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण मी काय करते आहे हे नीट समजून घे आणि मगच मला बोल. तुझा फार राग आलाय.

झालं. आता पुढचं.

छातीची तपासणी झाली. आज तरी काही नाही. खोकला घशाचा आहे. निकाल ऐकून मी बाहेरच्या बाकावर बसले आणि बाबांना पाणी आणायला पाठवलं, म्हणजे मला रडता आलं असतं. पण ते फार लवकर परत आले.

येताना गाडीत बोलणं झालं. गाडीत माणूस समोर बघतो, शेजारच्याचं तोंड बघावं लागत नाही, म्हणून खरं बोलतो. माझे शिकाऊही गिअर बदलता बदलता घरातली भांडणं सांगतात. मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला आणि विचारलं, "जमीन का नाही फोडायची?"

त्यांनी सीटबेल्ट नीट केला. मग म्हणाले, "तो कोबा मी तिच्यासाठी घातलाय. मशीन डुगडुगायचं तिचं. पाणसळ लावून लावून, सपाटी बघत बघत घोटला. पुढे कधी डुगडुगलं नाही."

"माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे तुला? तुझा भाऊ बोलला ते मी खरं धरून चाललो. सिगारेट माझी. ठीक आहे, कबूल. त्याच्यावर मी एवढे दिवस काढले. आता तू म्हणतेस जमीनही तसलीच. ती पण मीच घातलेली. म्हणजे वरून धूर माझा आणि खालून हेही माझंच. मग मी तिचं बरं असं केलं काय?"

मागची गाडी हॉर्न वाजवत होती, तेव्हा लक्षात आलं की मी हिरव्या सिग्नलला उभी आहे. माझ्या हाताखाली शिकणाऱ्याने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

"जमीन खाली कशावर घालतोय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तिला तिथे चाललं. मलाही चालेल."

"म्हणजे? तुम्ही मुद्दाम झोपता तिथे?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला काही कळवू नकोस. त्याला वाटेल म्हातारा सबबी शोधतोय. त्याचा राग एका जागी बसलाय, बसू दे."

मी म्हटलं, "कळवलंय. दोनदा."

तेव्हा तू म्हणतोस ते निर्दोष ठरवणं वगैरे काय आहे ते बघ. त्यांना स्वतःलाच सुटायचं नाहीये. ते शिक्षा भोगायला खाली जाऊन झोपतात, आणि वर पुन्हा तुला कळू नये म्हणतात. हे मी चालू देणार नाही. मी त्यांच्याशी वाद घातला, डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायला लावलं, खात्याच्या बाईंना चहाला बोलावलं. बाबांनी बाईंना खुर्ची दिली, त्यांच्या घराच्या बांधकामाची चौकशी केली, त्यांच्या गळक्या भिंतीवर उपाय सांगितला आणि स्वतःच्या तळघराचा विषय निघाला की कानावर हात.

पुढचं तुला सांगणार नव्हते, पण आता लिहितेच. परवापासून मी माझी गादी तळघरात नेली आहे. त्यांच्या खाटेशेजारी. म्हटलं, तुम्हाला चालतंय ना, मग मलाही चालेल. फार दिवस नाही करायचं हे, मला कळतं. पण बोलून जे होत नाही ते असं करून होतं का बघते. ते म्हणाले, "वर जा." मी म्हटलं, "तुम्ही चला." दोघंही तिथेच राहिलो.

तू अजून त्या तळमजल्याखालच्या स्टुडिओतच झोपतोस का? खिडकीतून लोकांचे बूट दिसतात म्हणायचास.

ताई

९ मार्च

बारक्या,

माझ्या प्रश्नाला तुझा मेसेज आला, "हो, तिथेच. का?" का ते तुला आता कळेल.

तो मेसेज मी चहा घेताना वाचला. बाबा समोर बसले होते. मी खाली गादी नेल्यापासून ते माझ्याशी फक्त मीठ आणि साखरेपुरतं बोलत होते. तरी माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. बारक्याचा मेसेज."

ते मान खाली घालून चहा पीत राहिले. मग कपाकडे बघतच म्हणाले, "राहतो कुठे तो?"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं काही विचारलं. मी जीव मुठीत धरून, अगदी सहज बोलल्यासारखं सांगितलं. की तो आवाज रेकॉर्ड करण्याचं काम करतो, त्याने एका इमारतीचं तळघर भाड्याने घेतलंय, तिथेच काम आणि तिथेच झोप. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी कायम बंद, दाराला रबर, भिंतींना जाड गाद्या.

"हवा?"

"एक पाइप आहे म्हणाला होता मागे. तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवतो."

"जमीन कसली आहे?"

"मी काय तिथे जमीन बघायला गेले होते?"

"गाव सपाटीवर आहे का?"

"नाही. डोंगराच्या कुशीत आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "त्याला म्हणावं डबा लाव," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माझं ऐकत नाही तो. तुम्ही सांगा."

"मी?"

"तुम्ही. बांधकामातलं मला काय कळतं? तो विचारेल, बाबांनी स्वतः काय केलं, तर मी काय सांगू?"

मी हे बोलले आणि मला वाटलं, त्यांना जास्तच लागलं. ते उठले, बेसिनपाशी गेले, कप धुतला. पाठमोरेच म्हणाले, "मी इथे खाली झोपतो आणि त्याला म्हणू तिथून ऊठ? कुठल्या तोंडाने म्हणू?"

मी गप्प बसले. त्या वेळी मी एक शब्दही बोलले असते तर सगळं बिघडलं असतं. मला गप्प बसता येतं हे तुला खोटं वाटेल.

दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे घरी आले तर तळघरातून ठोकण्याचा आवाज येत होता. बाबा गुडघ्यावर बसले होते, हातात छिन्नी आणि हातोडा. फिटर बाजूला हाताची घडी घालून उभा होता. त्याचं ड्रिल मशीन भिंतीला टेकवलेलं. बाबा त्याला म्हणाले होते, "पाइप तू लाव, पंखा तू लाव. जमीन मी फोडणार." ज्या कोपऱ्यात आईचं मशीन होतं तिथलीच जागा निवडली. मशीन त्यांनी आधी वर हॉलमध्ये नेलं होतं, एकट्याने. कसं नेलं ते देव जाणे, कंबर अजून धरली आहे.

चौकोन असा कापला की कडेचा एक कपचा उडाला नाही. कोबा निघाला, खालची खडी निघाली. खाली कोरडे दगड होते आणि त्यांच्यामधून गार हवा वर येत होती. तुला सांगते, हाताला जाणवत होती. बाबांनी त्या भोकावर तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "इथून येत होती बघ." आणि रडायला लागले. आई गेली तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि मीही रडले. फिटर बिचारा पाइपची मापं परत परत घेत राहिला.

पाइप गच्चीवर गेला आहे. पंखा वरच्या टोकाला बसवला, खाली त्याचा आवाज येत नाही. ती कल्पना बाबांची. फिटर जिन्यात बसवणार होता. सगळे सांधे बाबांनी स्वतः बुजवले आणि फिटरच्या कामात चार चुका काढल्या. खाट आता हॉलमध्ये आहे. माझी गादी माझ्या खोलीत.

सोबत एक डबा पाठवते आहे. खात्याच्या बाईंनी तुझ्यासाठी वेगळा दिला आणि कुठे परत पाठवायचा तो पत्ताही डब्यावर चिकटवला. पुढचं बाबांना लिहायचंय. मी त्यांच्या हातात पेन दिलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसले. काय लिहितात ते मी वाचणार नाही. वाचलं तर सांगणार नाही.

ताई

बाळा,

डबा लाव. तू झोपतोस त्या खोलीत लाव, खाली, खाटेच्या उंचीला. चांगल्या जागी ठेवू नकोस. मी ठेवला होता, त्याने काही होत नाही, आकडा तेवढा खोटा येतो. दार खिडकी बंद ठेव. तुझी बंदच असतात म्हणे.

तू दवाखान्यात बोललास ते मी मनातून काढलेलं नाही आणि तूही काढू नकोस, काढायचं नसेल तर. माझ्यावरचा राग ठेव. पण डबा लाव.

बाबा

१८ एप्रिल

बारक्या,

आधी आपला आकडा. पंचावन्न. डबा आईच्या जागेवर, तळघरात, दारं-खिडक्या बंद. बाबा रोज वरूनच विचारायचे, "डब्याला कोणी हात लावला नाही ना?" घरात आम्ही दोघंच. म्हणजे माझ्यावरच संशय.

गल्लीचं परत तपासणं चालू आहे. चष्मेवाल्या काकांनी आधी मला दारातूनच वाटेला लावलं, आमचं घर पास झालंय म्हणाले. मी रोज क्लासला जाताना दुकानासमोर गाडी थांबवून एकच वाक्य बोलायचे, "काका, नातू खालच्या खोलीत झोपतो ना?" कंटाळून त्यांनी डबा घेतला आणि खाली ठेवला. तीनशे वीस. दुसऱ्या दिवशी ते बाबांना बोलवायला आले. आता चष्मा करायला आलेल्या माणसालाही ते विचारतात की तुमच्याकडे तळघर आहे का. काचेखालचा जुना कागद काढला आहे. पार्लरवालीचा डबा या आठवड्यात लागला. फवारा मी जप्त केला.

आता तुझा मेसेज. मिळाला. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माझ्याकडे नाही.

तुझ्या खोलीचा चारशे दहा हा आकडा बघून मी घाबरले. तुला घाबरवायला नाही सांगत, घाबरले म्हणून सांगते. घरमालक ऐकत नाही म्हणतोस तर त्याला निकालाचा कागद दाखव, आणि तोपर्यंत गादी उचलून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या मित्राकडे जा. हे मी सांगू शकते, आणि हे तू आजच करायचं आहेस. पण पुढे तू जे लिहिलंस, की "पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येईल, पाइप कुठून काढायचा ते बाबांना विचार", ते मी विचारणार नाही. मी गाडी शिकवते. जमिनीतलं आणि पाइपातलं मला कळत नाही. तुमच्या दोघांमधला निरोप्या व्हायचं मी कधीच सोडून दिलंय, हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

मेसेज मात्र त्यांना वाचून दाखवला. पूर्ण. "बाबांना विचार" हे शब्द मला पुन्हा वाचायला लावले. मग ते कागद घेऊन बसले. दोन दिवस झाले, तुझ्या खोलीचं चित्र काढतायत. न बघितलेली खोली, माझ्या तोंडून ऐकलेली. दार इथे काढतात, मग खोडतात आणि तिथे काढतात. मला विचारतात, छत किती उंच, बाहेरच्या भिंतीला जिना आहे का, स्टुडिओची काच कुठल्या बाजूला. मला एकही माहीत नाही. काल वैतागून म्हणाले, "मापं नसतील तर मी पाइप काय हवेत लावू?"

ते हॉलमध्ये बसले आहेत. फोन मांडीवर आहे, त्याचा आवाज मोठा करून घेतलाय माझ्याकडून. नंबर तोच आहे.

मापं घे आणि फोन कर. मला नाही, त्यांना.

ताई